तटावरचे पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डोंगरमाथ्यावरील जुन्या वास्तूंविषयी, म्हणजे गड, गडावरची देवळे, देवड्या आणि पाण्याची टाकी यांविषयी, वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. येळ्ळूर, खानापूर, निपाणी, सौंदत्ती, हुक्केरी आणि खुद्द बेळगाव शहरातून पत्रे आली. काही पत्रांत विनापरवानगी झालेल्या किंवा होऊ घातलेल्या कामांचा उल्लेख असल्यामुळे पत्रलेखकांची नावे आणि गडांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : आमचे गाव एका गडाच्या पायथ्याशी आहे. गेल्या पावसाळ्यात पश्चिमेकडील तटाचा दहा-बारा फूट लांबीचा भाग ढासळला आणि त्याच्या शेजारच्या भागाला पोट आले आहे. तटाचा दगड जांभा आहे. तरुण मंडळाने वर्गणी काढून सिमेंट आणि वाळू आणून ठेवली आहे, गवंडी गावातलाच आहे आणि मृगाच्या आत काम उरकण्याचा विचार आहे. आपला सल्ला हवा. (मंडळाचे कार्यकर्ते, खानापूर तालुका)

उत्तर : सिमेंटची पोती दुकानदार परत घेत असेल तर ती आजच परत करावीत. आपल्या तळमळीचा अनादर म्हणून हे लिहीत नाही. आपण आरंभलेल्या कामामुळे उरलेला तटही येत्या दोन-चार पावसाळ्यांत जाण्याची शक्यता आहे, म्हणून लिहितो.

तट बाहेरून सलग दिसत असला तरी तो सहसा एकजीव दगडाचा नसतो. बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन दर्शनी भिंती उभ्या करून त्यांच्या मधल्या पोकळीत दगडगोटे, माती आणि चुना यांचा भराव घातलेला असतो. या भिंतींचा माथा, म्हणजे फांजीवरची (तटावरून चालायच्या वाटेवरची) फरसबंदी किंवा चुन्याचा थर, शाबूत असेपर्यंत पावसाचे पाणी वरच्यावर वाहून जाते. माथ्याला चीर पडली, तिच्यात माती साठली आणि गवत उगवले की तेच पाणी भरावात उतरू लागते. भिजलेला भराव जड होतो, खाली दबतो आणि कडेला रेटा देतो. तो रेटा बाहेरच्या भिंतीला सोसवेनासा झाला की भिंतीला पोट येते. आपल्या तटाचे जे पोट आज दिसते आहे, त्याचे कारण बहुधा वर, माथ्यावर आहे, आणि आपण काम मात्र खाली, पोटावर करणार आहात.

आता सिमेंटविषयी. जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येईल इतका मऊ असतो आणि वारा-ऊन लागल्यावर टणक होतो, हे आपल्या भागातल्या पाथरवटांना सांगण्याची गरज नाही. असा दगड पाणी पितो आणि पुन्हा बाहेर सोडतो. त्याच्या सांध्यांत चुना असेल तर चुनाही हेच करतो, त्यामुळे भिंत पावसाळ्यात भिजते आणि दिवाळीनंतर वाळते. सांध्यांत सिमेंट भरले की ही वाट बंद होते. पाणी वरून आत येतच राहते, पण त्याला सांध्यातून बाहेर पडता येत नाही, म्हणून ते दगडातून मार्ग काढते. सोबत आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी अशा भिंतीत सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड मात्र झिजून आत गेलेला दिसतो. शिवाय सिमेंट ताठ असते. जुनी भिंत उन्हाने आणि ओलाव्याने किंचित हलत असते. चुना ती हालचाल सामावून घेतो, सिमेंट घेत नाही, आणि तडा जातो तो कमकुवत असलेल्या जुन्या दगडाला. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे आहे. आपला तट त्याआधीपासून त्याच्याविना उभा आहे, एवढे मंडळाच्या बैठकीत सांगितले तरी वर्गणीदारांचा राग थोडा कमी होईल.

मग चुन्यात काम करावे काय? करावे, पण मृगाच्या आत नव्हे. कळीचा चुना विरवून पाण्याखाली काही आठवडे मुरवावा लागतो आणि जितका अधिक मुरेल तितका तो चांगला होतो. त्यानंतर रेती आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो चुन्याच्या घाणीत, म्हणजे चक्कीत, मळला जातो. बांधकामात घातल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो सावकाश घट्ट होतो; त्या काळात त्यावर ओले गोणपाट ठेवून त्याला उन्हापासून जपावे लागते आणि धो-धो पावसापासूनही. ज्येष्ठात घातलेला कोवळा चुना आषाढात धुऊन जाईल. म्हणून आपल्या भागात चुन्याच्या कामाचा खरा हंगाम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि कडक उन्हाळ्यापूर्वी संपतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर यांच्या मिश्रणाविषयी आज फार उत्साहाने बोलले जाते. जुन्या कारागिरांनी ही द्रव्ये वापरली हे खरे आहे, पण सगळीकडे एकच पाककृती वापरली हे खरे नाही. आधी आपल्याच तटातील जुन्या चुन्याचा नमुना जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि त्याच्याशी जुळेल असे मिश्रण ठरवावे. गुळाच्या ढेपा नंतर आणाव्यात.

या पावसाळ्यापुरते आपण काय करू शकता ते सांगतो, मात्र तेही लेखी परवानगी घेऊनच. ढासळलेल्या दगडांना हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि दगड ज्या क्रमाने पडले आहेत त्या क्रमाने, जमिनीवर थेट न ठेवता, एका कडेला रचून ठेवावेत. त्यांतले चांगले चिरे पायरीला किंवा मंडळाच्या कट्ट्याला नेऊ नयेत. हे होते, म्हणून स्पष्ट लिहितो. पोट आलेल्या भागाला लाकडी टेकू आणि वाळूच्या पोत्यांचा आधार द्यावा, पण तो देण्याची पद्धत अभियंत्याने ठरवावी, कारण चुकीच्या जागी दिलेला टेकू भिंत पाडतो आणि त्याखाली माणसे असतात. उघड्या पडलेल्या माथ्यावर ताडपत्री अशी बांधावी की पाणी तटाच्या मधोमध न साचता बाहेर पडेल. आत गडावर साचणाऱ्या पाण्याच्या जुन्या मोऱ्या तटात असतातच. त्या शोधून मोकळ्या कराव्यात. माझ्या अनुभवात अर्धी पडझड या तुंबलेल्या मोऱ्यांची असते. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी थोड्या प्लास्टरने दोन्ही टोकांना चिकटवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. पट्टी तुटली तर तडा अजून वाढतो आहे. ती शाबूत राहिली तर तडा जुना आणि स्थिर आहे. पावसाळ्यानंतर जो अधिकारी किंवा वास्तुविशारद येईल, त्याला या दोन रुपयांच्या काचेचा उपयोग आपल्या वर्गणीपेक्षा जास्त होईल.

प्रश्न : आमच्याकडील टेकडीवरच्या जुन्या बुरुजावर पिंपळाची तीन-चार रोपे उगवली आहेत. एक तर हाताच्या मनगटाएवढे जाड झाले आहे. ओढून काढावे म्हटले तर ज्येष्ठ मंडळी म्हणतात, पिंपळाला हात लावू नये. (वाचक, निपाणी)

उत्तर : ज्येष्ठ मंडळींचे निम्मे बरोबर आहे. ओढून तर मुळीच काढू नये. पिंपळ, वड आणि उंबर यांची बीजे पक्ष्यांच्या विष्ठेतून सांध्यात पडतात आणि मुळे चुन्याच्या ओलाव्यामागे भिंतीच्या आत कित्येक फूट जातात. वरचे रोप ओढले की मुळांबरोबर चार दगड निखळतात. करंगळीएवढी कोवळी रोपे पावसाळ्यात, सांधा भिजलेला असताना, मुळासकट अलगद सुटतात. ती काढून गडाच्या पायथ्याला लावावीत, म्हणजे धर्माचा प्रश्न उरत नाही आणि सावलीही मिळते. मनगटाएवढे झालेले झाड मात्र बुंध्याशी कापून ताज्या कापावर मूळ मारणारे औषध लावावे लागते. ते कोणते आणि किती, हे पुरातत्त्व खात्याच्या माणसांनी ठरवायचे असते, कारण चुकीचे आम्ल दगडही खाते. बुंध्यात हिंग भरण्याचा उपाय अनेकजण सुचवतात. त्यावर विसंबून दोन वर्षे वाट पाहण्यात बुरूज गमावू नये. मूळ मेल्यानंतर त्याच्या कुजण्याने जी पोकळी होते ती चुन्याने भरली नाही, तर पाणी त्याच वाटेने आत जाणार, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : डोंगरावरील आमच्या कुलदैवताच्या देवळाला काही वर्षांपूर्वी आतून चकचकीत फरशा बसवल्या आणि बाहेरच्या दगडी कोरीव कामाला ऑइल पेंट दिला. तेव्हापासून पावसाळ्यात गाभाऱ्याच्या भिंतींना घाम फुटतो आणि वास येतो. आता समिती म्हणते, रंग काढण्यासाठी मशीनने वाळूचा मारा करून घेऊ. ते योग्य आहे काय? (गृहिणी, बेळगाव)

उत्तर : ते योग्य नाही. वाळूच्या माऱ्याने रंग जाईल, पण त्याबरोबर दगडाची वरची कठीण त्वचा आणि देवतांच्या चेहऱ्यांची ठेवणही जाईल. बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला, गोकाक-सौंदत्तीच्या बाजूला, बांधकामाला वालुकाश्म आढळतो. पश्चिमेला जांभा आणि काळा दगड. वालुकाश्म आणि जांभ्यावर हा मारा विशेष घातक ठरतो, परंतु काळ्या दगडावरील बारीक नक्षीही त्याने बोथट होते. एकदा त्वचा गेली की दगड अधिक पाणी पितो आणि शेवाळ पूर्वीपेक्षा लवकर धरतो, म्हणजे समितीला पुन्हा रंग देण्याची इच्छा होणार.

गाभाऱ्याला घाम फुटतो, कारण भिंतीतील ओलावा पूर्वी दगडातून हळूहळू बाहेर पडत होता आणि आता त्याला एका बाजूला रंग आणि दुसऱ्या बाजूला फरशी अडवते. शिवाय बाहेरची दमट हवा थंडगार चकचकीत फरशीला लागली की तिच्यावर थेंब धरतात. उपाय रुचणार नाही, तरी सांगतो : फरशा उतरवाव्यात. एकदम सगळ्या नकोत; आधी जमिनीलगतची एक ओळ काढून एक पावसाळा पाहावे. रंग काढण्याचे काम रासायनिक लेपाने, हाताने आणि लहान भागावर चाचणी घेऊनच करायचे असते, आणि ते पुरातत्त्व खात्याच्या रसायन शाखेच्या किंवा प्रशिक्षित संवर्धकाच्या देखरेखीखाली व्हावे. देऊळ मुजराई खात्याकडे, म्हणजे सरकारच्या देवस्थान खात्याकडे, असेल तर समितीने त्या खात्याला विचारल्याशिवाय एक फरशीही बसवायला किंवा काढायला नको होती. शेंदूर हा वेगळा विषय आहे. पूजेतील मूर्तीचे शेंदूरलेपन ही परंपरा आहे आणि तिच्याबद्दल पुजाऱ्यांशी बोलून ठरवावे. परंतु खांबावरच्या नर्तकीला निळा ऑइल पेंट देणे ही कोणाचीही परंपरा नाही.

पाहायचेच असेल तर बेळगावच्या भुईकोट किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर एकदा निवांत पाहून यावे. रट्ट घराण्यातील राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली ते बांधले. मंडपाच्या छतातील दगडी कमळ रंगाच्या कोणत्याही मदतीशिवाय आठशे वर्षे उमललेले आहे. समितीतील मंडळींना बरोबर न्यावे आणि तिथे फार बोलू नये.

प्रश्न : माध्यमिक शाळेच्या साठ विद्यार्थ्यांना राजहंसगडावर, म्हणजे येळ्ळूरच्या गडावर, नेण्याचा विचार आहे. कोणत्या महिन्यात न्यावे, कोणती काळजी घ्यावी आणि मुलांना तिथे नेमके काय दाखवावे? दरवेळी मुले वर जातात, फोटो काढतात आणि चिवडा खाऊन खाली येतात. (शिक्षिका, खानापूर)

उत्तर : येळ्ळूरच्या शिवारात भात कापणी आटोपली की, म्हणजे साधारण मार्गशीर्षापासून माघापर्यंत, जावे. पावसाळ्यात ढगांनी वेढलेला गड सुंदर दिसतो, पण शेवाळलेल्या दगडावर साठ मुले ही जबाबदारी कोणत्याही शिक्षिकेने घेऊ नये. २०२३ साली गडावर शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिल्यापासून सुट्टीच्या दिवशी गर्दी असते आणि महाशिवरात्रीला सिद्धेश्वराच्या दर्शनाला भाविक येतात. तेव्हा शाळेच्या कामकाजाचा दिवस निवडावा.

धोके दोन आहेत आणि दोन्हींविषयी मुलांना आदल्या दिवशी वर्गात सांगावे. पहिला आग्या मोहोळाचा. ही मोहोळे उंच कड्यांना आणि बुरुजांच्या कडांना लोंबतात. अत्तर लावून जाऊ नये, धूर करू नये, दगड मारण्याचा तर प्रश्नच नाही. माश्या उठल्याच तर जागेवर बसून राहू नये; तोंड आणि मान कापडाने झाकून शक्य तितक्या लवकर लांब जावे आणि टाक्याच्या पाण्यात उडी मारू नये. नांगी त्वचेत राहिली असेल तर नखाने खरवडून लगेच काढावी, आणि अनेक दंश झाले असतील किंवा श्वास लागत असेल तर वेळ न दवडता दवाखाना गाठावा. दुसरा धोका विजेचा. वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो आणि डोंगरमाथा हे विजेचे आवडते ठिकाण असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजावेत. तीसच्या आत आवाज आला तर वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे आणि गटाने खाली उतरायला हवे. झाडाखाली किंवा पडक्या देवडीत आसरा घेऊ नये. बंद पत्र्याची बस हा चांगला आसरा आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नये.

काय दाखवावे, हा आपला प्रश्न मला फार आवडला. इतिहासाचे भाषण नको. मुलांचे चार गट करून प्रत्येकाला एक शोध द्यावा. एका गटाने दरवाजा पाहावा : दार ज्या उखळीत फिरत असे ती उखळ, अडसर सरकवण्याचे भिंतीतील भोक, पहारेकऱ्यांच्या देवड्या. यांतले काय उरले आहे आणि काय गेले, ते नोंदवावे. दुसऱ्याने तटातील जंग्या, म्हणजे मारा करण्यासाठी ठेवलेली भोके, शोधाव्यात आणि प्रत्येक जंगीतून डोळा लावून खालची कोणती वाट दिसते ते लिहावे. मग तट तिथेच का वळतो हे कोणी न सांगता कळते. तिसऱ्याने बेळगावचा भुईकोट कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने ठरवावे आणि पश्चिमेकडे घाटवाटांच्या दिशेने पाहून कोकण आणि गोव्याकडून येणाऱ्या मालाला ही टेकडी आधी दिसत असेल की शहर, याचा विचार करावा. १८१८ साली इंग्रजांनी तो भुईकोट वेढा घालून घेतला, हे त्या वेळी सांगितले तर ते लक्षात राहील. चौथ्या गटाने फक्त पाणी पाहावे. बाटलीभर पाणी फांजीवर ओतून ते कुठून कुठे जाते, मोरी कुठे आहे, ती तुंबली आहे काय आणि तिच्याखालच्या दगडाचा रंग का वेगळा आहे, हे त्यांनी शोधावे. माझ्या मते या गटाला सर्वांत जास्त समजेल. चिवडा अवश्य खावा; फक्त त्याचे रिकामे पाकीट मोरीत जाऊ नये.

प्रश्न : तटावर ज्यांनी नावे कोरली आहेत ती आम्ही तारेच्या ब्रशने घासून काढली तर चालेल काय? (महाविद्यालयीन विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर : चालणार नाही. नाव जितके खोल गेले आहे तितका दगड आपल्यालाही घासावा लागेल आणि प्रेमवीराने केलेल्या जखमेच्या चौपट मोठी जखम होईल. खडू, कोळसा किंवा रंग असेल तर जाणकाराला विचारून तो काढता येतो. कोरलेले अक्षर मात्र राहू द्यावे. केंद्रीय संरक्षित स्मारकाची हानी केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा फलक तिथे आहे की नाही ते पाहावे आणि नसल्यास त्याची मागणी करावी.

प्रश्न : गडावरील टाके साफ करताना गाळातून एक अक्षरे कोरलेला दगड आणि काही जुनी नाणी निघाली. दगड आम्ही धुऊन, अक्षरांत पांढरा रंग भरून मंदिरासमोर उभा केला आहे. नाणी एका सदस्याकडे आहेत. (वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : नाण्यांविषयी आधी, कारण त्यात आपण अडचणीत येऊ शकता. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. कर्नाटकात यासाठी १९६२ सालचा कायदा आहे. नाणी चिंच किंवा पावडरीने घासू नयेत. माती लागलेली असेल तशी कागदाच्या वेगवेगळ्या पुड्यांत ठेवावीत आणि प्रत्येक पुडीवर ती टाक्याच्या कोणत्या बाजूला, किती खोलीवर मिळाली ते लिहावे. त्या सदस्यावर कोणाचा संशय येऊ नये यासाठी आजच पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांसमोर (पीडीओ) यादी करून सह्या घ्याव्यात.

शिलालेखात रंग भरणे ही सद्भावनेने झालेली मोठी चूक आहे. झिजलेल्या लेखात कोणती रेघ अक्षराची आणि कोणती तड्याची, हे ठरवणे हेच वाचकाचे कौशल्य असते. आपण रंग भरताना ते ठरवून टाकले आहे आणि पुढचा प्रत्येक वाचक आपलेच वाचन वाचणार आहे. रंग आता खरवडू नका. दगडावर सकाळी किंवा सायंकाळी तिरके ऊन पडते तेव्हा छायाचित्रे काढावीत. भर दुपारी अक्षरे बुजतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख शाखा मैसूरला आहे आणि राज्याचे पुरातत्त्व खातेही ठसे घेते. लेख जुन्या कन्नड लिपीत असण्याची शक्यता मोठी आहे. हलशी आणि देगाव ही कदंबांची ठिकाणे आपल्याच तालुक्यात आहेत, आणि या भागातील त्या काळचे लेख कन्नडमध्ये किंवा संस्कृतमध्ये असतात. यात कोणाला उणेपणा वाटण्याचे कारण नाही. आपल्या आजोबांच्या गावाविषयीचा सर्वांत जुना कागद दगडावर आहे आणि तो शेजारच्या भाषेत आहे, इतकेच.

दगडावर अक्षरांऐवजी एकावर एक असे चौकोन, खाली लढाई, मध्ये अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य असे चित्र असेल तर तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, आहे. आमच्या लहानपणी ओढ्याकाठी अशाच एका वीरगळावर घरोघरचे कपडे धुतले जात. त्यावरचा घोडेस्वार अर्धा झिजला होता.

प्रश्न : आमच्या टेकडीवरचा कोट नक्की कोणाचा, हेच कळत नाही. एक कचेरी दुसरीकडे पाठवते, दुसरी तिसरीकडे. अर्ज मराठीत दिला तर घेतात का? (निवृत्त कर्मचारी, हुक्केरी तालुका)

उत्तर : वास्तू तीन प्रकारची असू शकते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे १९५८ च्या केंद्रीय कायद्याखाली संरक्षित असेल तर आपल्या जिल्ह्यासाठी त्यांचे धारवाड मंडळ पाहते. अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीने नियंत्रित आहे. राज्याकडे असेल तर कर्नाटकाचा १९६१ चा कायदा लागू होतो. दोन्हींकडे नसेल तर जमीन वनखाते, महसूल, मुजराई, पंचायत किंवा खासगी मालक यांच्यापैकी कोणाची आहे ते सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावरून कळेल. तलाठ्याकडून उतारा आधी काढावा आणि मग कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्यात. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात. उत्तर मिळतच नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून एकच नेमका प्रश्न विचारावा : अमुक सर्व्हे नंबरमधील वास्तू संरक्षित म्हणून अधिसूचित आहे काय, असल्यास अधिसूचनेची प्रत द्यावी. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

भाषेविषयी : तक्रार निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. हक्क बजावावा. त्याचबरोबर तटाला पोट आलेले असताना भाषांतराच्या टेबलावर अर्ज पडून राहणे परवडत नाही, म्हणून मी स्वतः मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडतो. सीमेपलीकडील चंदगड तालुक्यातील पारगड किंवा महिपालगडासाठी मात्र महाराष्ट्राचा कायदा आणि महाराष्ट्राचे खाते आहे, तिथला अर्ज बेळगावला देऊन उपयोग नाही. पारगडावर तानाजी मालुसरे यांचे वंशज आजही राहतात. ज्या गडावर चूल पेटते तिथले छप्पर गळू लागले की दुसऱ्या दिवशी कोणीतरी शिडी लावते. आपल्या कोटावर हे काम कोण करणार, हे उताऱ्याच्या बरोबरीने गावाने ठरवायला हवे.

प्रश्न : पडलेला दरवाजा पूर्वीसारखा भव्य बांधून घ्यावा, असा एका देणगीदाराचा आग्रह आहे. (वाचक, येळ्ळूर)

उत्तर : पूर्वीसारखा म्हणजे कसा, याचे छायाचित्र, नकाशा किंवा पडलेले मूळ चिरे देणगीदाराकडे आहेत काय? १९६४ च्या व्हेनिस सनदेत यासाठी एक साधी मर्यादा घातली आहे : जिथून अंदाज सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबली पाहिजे. मूळ चिरे सापडत असतील तर ते त्यांच्या जागी पुन्हा रचता येतात. ते नसतील तर देणगीदाराला मोऱ्या, माथ्याचा चुना आणि एका रखवालदाराचा वर्षाचा पगार यांसाठी राजी करावे. त्यांच्या नावाचा फलक पायथ्याशी लावावा, तटावर नको.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. गुडघ्यांमुळे गड चढता येत नाही. लहानपणी आम्ही गुरे घेऊन वर जात होतो. १९६५ च्या सुमारास तिथे काढलेले चार कृष्णधवल फोटो घरात आहेत. त्यांचा कोणाला उपयोग होईल का? (वाचक, येळ्ळूर)

उत्तर : या अंकातील सर्व पत्रांत आपल्याच पत्राची मी सर्वाधिक वाट पाहत होतो, असे म्हटले तरी चालेल. तट ढासळल्यावर तो पूर्वी किती उंच होता, चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) कशा होत्या, माथ्यावर फरसबंदी होती की माती, हे सांगणारी कागदपत्रे बहुधा नसतात. आपल्या मित्राच्या मागे उभा असलेला बुरूज हाच मग पुरावा ठरतो. माणसाच्या उंचीवरून दगडांची उंची मोजता येते.

फोटो अल्बमच्या चिकट कागदावरून ओढून काढू नयेत. नातवंडांकडून प्रत्येकाची मोठी प्रतिमा स्कॅन करून घ्यावी आणि मागची बाजूही स्कॅन करावी, कारण तिथे कधीकधी स्टुडिओचा शिक्का किंवा तारीख असते. नंतर एका वहीत, प्रत्येक फोटोसाठी एक पान, असे लिहावे : कुठे उभे राहून काढला, कोणता महिना असावा, मागे काय दिसते. त्या वेळी गुराखी गडाच्या भागांना जी नावे देत ती अवश्य लिहावीत. बुरुजाला, टाक्याला, चोरवाटेला गावची स्वतःची नावे असतात आणि ती कोणत्याही अधिसूचनेत नसतात. उन्हाळ्यात कोणत्या टाक्यात पाणी टिकत असे आणि कोणते आधी आटत असे, हेही लिहावे. फोटोच्या मागे काही लिहायचे असेल तर बॉलपेन वापरू नये, त्याचा ठसा पुढे उमटतो; मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. आणि शिक्षिकाबाईंची साठ मुले मार्गशीर्षात वर जाणार आहेत. आपली हरकत नसेल तर त्या चार फोटोंच्या प्रती त्यांच्या हातात देऊ, म्हणजे जिथे आपला मित्र उभा होता त्याच जागी एका मुलाला उभे करून त्यांना नवा फोटो काढता येईल.